प्रणाली-स्तरीय प्रतिमान व पडताळणी

प्रणाली-स्तरीय प्रतिमान व पडताळणी ही इलेक्ट्रॉनिक हार्डवेअरच्या आरेखनातील एक कार्यपद्धती होय. चिप प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी, बहुधा तिच्यातील लॉजिक गेटांची मांडणी ठरण्याच्याही आधी, संपूर्ण प्रणालीचे संगणकावर चालू शकेल असे वर्णन तयार केले जाते. प्रोसेसर, स्मृती, त्यांना जोडणारी बस, परिघीय उपकरणे आणि त्यांवर चालणारे सॉफ्टवेअर या सर्वांचा त्यात समावेश असतो. अशा वर्णनास प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. प्रतिमान अपेक्षेप्रमाणे वागते की नाही, तसेच पुढे तयार होणारे तपशीलवार आरेखन प्रतिमानाशी जुळते की नाही, हे तपासण्याच्या क्रियेस पडताळणी असे म्हणतात.

प्रतिमान वेगाने चालावे म्हणून त्यातून काही तपशील जाणीवपूर्वक वगळलेले असतात. जे वगळले आहे त्याविषयीचा दोष त्या प्रतिमानावर कितीही चाचण्या घेतल्या तरी सापडू शकत नाही. त्यामुळे कोणत्या प्रश्नासाठी कोणत्या पातळीचे प्रतिमान वापरावे, हा या शाखेतील मध्यवर्ती प्रश्न ठरतो. या विषयाचा इतिहास, त्यातील मानके आणि गाजलेले दोष यांचा विचार याच प्रश्नाच्या अनुषंगाने करावा लागतो.

पार्श्वभूमी

सॉफ्टवेअरमधील चूक विक्रीनंतरही नवी आवृत्ती देऊन दुरुस्त करता येते. सिलिकॉनवर उमटलेली चूक तशी दुरुस्त होत नाही. काही प्रोसेसरांत मायक्रोकोड बदलून थोडीफार डागडुजी शक्य असते; परंतु ती सोय आरेखनातच आधी ठेवलेली असावी लागते. एरवी मास्क पुन्हा बनवावे लागतात. प्रगत निर्मिती-प्रक्रियांत मास्कच्या एका संचाची किंमत कित्येक दशलक्ष डॉलरांच्या घरात जाते आणि सुधारित चिप कारखान्यातून हाती येईपर्यंत काही महिने निघून जातात.

दुसरे कारण वेगाचे आहे. चिपचे तपशीलवार वर्णन रजिस्टर-ट्रान्सफर पातळीवर, म्हणजे आरटीएलमध्ये, लिहिले जाते. मोठ्या चिपच्या आरटीएल वर्णनाचे सिम्युलेशन दर सेकंदास शेकडो ते काही हजार क्लॉक-चक्रे एवढ्याच गतीने पुढे सरकते. एखादी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्यास एक अब्ज चक्रे लागतात असे धरले आणि सिम्युलेशनचा वेग सेकंदाला एक हजार चक्रे मानला, तर ती सुरू होण्यास दहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे साडेअकरा दिवस लागतील. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एका ओळीतील बदल तपासण्यासाठी इतके थांबणे शक्य नसते. हेच काम सेकंदाला दहा कोटी सूचना पार पाडणाऱ्या प्रणाली-स्तरीय प्रतिमानावर दहा-पंधरा सेकंदांत होते. चिप तयार होण्याच्या वर्षभर आधीपासून तिचे सॉफ्टवेअर लिहिले जाऊ लागले, त्यामागे हा फरक आहे. या उपयोगासाठी असलेल्या प्रतिमानास आभासी प्रोटोटाइप असेही म्हणतात.

अमूर्ततेच्या पातळ्या

एकाच हार्डवेअरचे वर्णन अनेक पातळ्यांवर करता येते. सर्वांत खाली ट्रान्झिस्टरांचे विद्युतीय वर्तन असते. त्यावर लॉजिक गेट, त्यावर आरटीएल, त्यावर घटकांमधील देवाणघेवाण आणि सर्वांत वर निव्वळ गणनविधी. डॅनियल गाय्स्की आणि रॉबर्ट कून यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या वाय-आकृतीत वर्तन, रचना आणि भौतिक मांडणी असे तीन अक्ष कल्पिले असून प्रत्येक अक्षावर या पातळ्या दाखवल्या आहेत. पाठ्यपुस्तकांत ही आकृती आजही आढळते.

पातळ्यांमधील फरक स्मृतीतून एक शब्द वाचण्याच्या साध्या क्रियेवरून ध्यानात येतो. आरटीएलमध्ये प्रोसेसर पत्त्याच्या तारांवर पत्ता ठेवतो, वाचनाचा संकेत उंचावतो, स्मृतीकडून तयारीचा संकेत येईपर्यंत काही चक्रे थांबतो आणि मग विदा उचलतो. या दरम्यान शंभरांहून अधिक तारांची मूल्ये प्रत्येक चक्राला मोजली जातात. देवाणघेवाणीच्या पातळीवर मात्र ही सर्व हालचाल एका फंक्शन-कॉलमध्ये सामावते: या पत्त्यावरचे चार बाइट द्या, लागलेला वेळ सांगा. वाचलेले मूल्य दोन्हीकडे तेच असते. मधल्या तारांचे काय झाले, हे दुसऱ्या प्रतिमानाला ठाऊक नसते.

भाषा व मानके

आरटीएल वर्णनासाठी व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या दोन भाषा १९८० च्या दशकात पुढे आल्या. व्हेरिलॉगचा उगम गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत झाला, तर व्हीएचडीएल ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने तयार होऊन १९८७ मध्ये आयट्रिपलईचे मानक बनली. प्रणालीच्या पातळीवर मात्र दीर्घकाळ प्रत्येक कंपनी आपापल्या परीने सी किंवा सी++ मध्ये प्रतिमाने लिहीत असे. सी भाषेत काळ, समांतर चालणाऱ्या क्रिया आणि ठरावीक बिटांच्या संख्या या तिन्ही गोष्टींना जागा नाही. प्रत्येक गट त्या आपल्या पद्धतीने बसवी आणि परिणामी एका कंपनीचे प्रतिमान दुसरीच्या प्रतिमानाला जोडता येत नसे.

या अडचणीतून सिस्टमसी निर्माण झाली. तिची मुळे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीनिक या संशोधन-प्रकल्पात आहेत. सप्टेंबर १९९९ मध्ये ओपन सिस्टमसी इनिशिएटिव्ह या संस्थेची घोषणा झाली. २००१ च्या दुसऱ्या आवृत्तीत चॅनल, इंटरफेस आणि इव्हेंट या संकल्पना आल्या, तेव्हा सिस्टमसी खऱ्या अर्थाने प्रणाली-स्तरीय झाली. त्याआधीची आवृत्ती सी++ मधून आरटीएल लिहिण्याच्या फारशी पुढे गेली नव्हती. २००५ मध्ये तिला आयट्रिपलई १६६६ हे मानक मिळाले. मानकाची २०११ मधील आवृत्ती व्यवहार-स्तरीय प्रतिमानांचे नियम सामावून घेणारी होती, तर नंतरची आवृत्ती २०२३ ची आहे. मूळ संस्था २०११ च्या अखेरीस अ‍ॅक्सेलेरा या मानक-संस्थेत विलीन झाली. याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील गाय्स्की यांच्या गटाने सी भाषेचा विस्तार करून स्पेकसी ही भाषा तयार केली होती. तिच्यातील मांडणी अनेकांच्या मते अधिक रेखीव होती. तथापि कोणत्याही सी++ कंपायलरवर चालण्याची सोय सिस्टमसीला होती आणि उद्योगाने तीच स्वीकारली.

सिस्टमसी ही स्वतंत्र भाषा नसून सी++ चा क्लास-संग्रह आहे. तिच्या गाभ्यात एक नियोजक असतो. तो मूल्यमापन आणि अद्ययावतीकरण असे दोन टप्पे आलटून पालटून चालवतो. एकाच क्लॉकवर दोन रजिस्टरांनी आपापली मूल्ये अदलाबदल करावयाची आहेत असे समजा. साध्या सी भाषेत पहिले मूल्य दुसऱ्यावर लिहिताच दुसरे नष्ट होते. सिस्टमसीमध्ये मूल्यमापनाच्या टप्प्यात सर्व प्रक्रिया जुनी मूल्ये वाचतात आणि लिहिलेली नवी मूल्ये अद्ययावतीकरणाच्या टप्प्यात एकदम लागू होतात. त्यामुळे अदलाबदल हार्डवेअरप्रमाणे घडते. या दोन टप्प्यांच्या जोडीस डेल्टा-चक्र म्हणतात. त्यात प्रतिमानातील काळ मुळीच पुढे सरकत नाही.

एकाच क्षणी चालण्यास सज्ज असलेल्या अनेक प्रक्रियांपैकी कोणती आधी चालवावी, हे मानकाने मुद्दाम ठरवलेले नाही. मात्र तेच प्रतिमान, त्याच निविष्टीसह, त्याच अंमलबजावणीवर पुन्हा चालवले तर क्रम तोच राहिला पाहिजे, असे बंधन आहे. दोष पुन्हा पुन्हा दिसावा म्हणून ही सोय उपयुक्त आहे. परंतु तिच्यामुळे एक वेगळीच फसगत संभवते. दोन प्रक्रिया एकच सामायिक चल वापरत असतील, तर एका अंमलबजावणीवर हजार वेळा बिनचूक चाललेले प्रतिमान दुसरीवर पहिल्याच खेपेस बिघडू शकते.

व्यवहार-स्तरीय प्रतिमान

घटकांमधील देवाणघेवाण फंक्शन-कॉलच्या रूपात दाखवण्याच्या पद्धतीस व्यवहार-स्तरीय प्रतिमान, म्हणजे टीएलएम, असे नाव आहे. त्याचे पहिले मानक २००५ मध्ये आले. त्यात संदेश कसा पाठवायचा हे होते, पण संदेशात काय असावे हे नव्हते. त्यामुळे दोन कंपन्यांची प्रतिमाने नियमाला धरून असूनही एकमेकांना जोडता येत नसत. जून २००८ मध्ये आलेल्या टीएलएम-२.० ने ही उणीव भरून काढली. त्यात सामान्य पेलोड या नावाची एक ठरावीक वस्तू आहे. वाचायचे की लिहायचे, पत्ता, विदेचा दर्शक, विदेची लांबी, कोणते बाइट ग्राह्य धरायचे आणि उत्तराची स्थिती एवढ्या गोष्टी तिच्यात असतात. याखेरीज काही हवे असल्यास विस्तार जोडता येतो. व्यवहार सुरू करणारा घटक आरंभक, तर त्याला उत्तर देणारा घटक लक्ष्य म्हणून ओळखला जातो. बस ही दोहोंच्या मधली. ती पेलोड पुढे सरकवते.

वेळेच्या बाबतीत टीएलएम-२.० मध्ये दोन शैली आहेत. अंदाजे-कालबद्ध शैलीत प्रत्येक व्यवहाराचे चार बिंदू मानतात: विनंतीचा आरंभ व शेवट आणि उत्तराचा आरंभ व शेवट. बसवर गर्दी किती होते, दोन प्रोसेसर एकाच स्मृतीसाठी झगडले तर कोण किती थांबतो, असे प्रश्न या शैलीत अभ्यासता येतात. शिथिल-कालबद्ध शैलीत व्यवहाराला आरंभ आणि शेवट एवढेच बिंदू असतात आणि तो एकाच कॉलमध्ये पुरा होतो. सॉफ्टवेअर विकसित करण्यासाठी बहुतांशी हीच शैली वापरतात.

शिथिल शैलीचा वेग मुख्यतः दोन युक्त्यांतून येतो. पहिली थेट स्मृती-प्रवेशाची. लक्ष्य-स्मृती आरंभकाला आपल्या विदेचा थेट दर्शक देऊन टाकते आणि पुढील वाचन-लेखन बसला वळसा घालून होते. दुसरी युक्ती कालिक वियोजनाची. प्रोसेसरचे प्रतिमान प्रत्येक सूचनेनंतर नियोजकाकडे परत न जाता, ठरवून दिलेल्या कालखंडाएवढे एकट्याने पुढे धावते आणि मग इतरांना संधी देते. या कालखंडास क्वांटम म्हणतात. क्वांटम जितका मोठा, तितकी नियोजकाकडे ये-जा कमी आणि प्रतिमान जलद.

याची किंमतही याच ठिकाणी चुकवावी लागते. दोन प्रोसेसर सामायिक स्मृतीतील एका ध्वजाच्या साहाय्याने एकमेकांशी ताळमेळ राखत आहेत आणि क्वांटम दहा मायक्रोसेकंदांचा आहे असे धरू. पहिला प्रोसेसर आपला संपूर्ण क्वांटम चालून थांबेपर्यंत दुसरा जागचा हलत नाही. प्रत्यक्ष चिपमध्ये काही नॅनोसेकंदांच्या अंतराने घडणारी दोघांची लेखने प्रतिमानात कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. कुलूप न लावता सामायिक चल वापरणारे सदोष सॉफ्टवेअर अशा प्रतिमानावर महिनोन्‌महिने निर्वेध चालते. क्वांटम कमी केल्यास दोष दिसण्याची शक्यता वाढते आणि वेग घटतो. म्हणून काही गट रोजच्या कामासाठी मोठा आणि रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांसाठी लहान किंवा यादृच्छिक क्वांटम वापरतात. प्रतिमान नेमके कोणते वर्तन दाखवू शकत नाही, याची नोंद त्याच्या दस्तऐवजात असणे अपेक्षित असते. व्यवहारात ती अनेकदा नसते.

पडताळणीच्या पद्धती

सर्वाधिक रूढ पद्धत सिम्युलेशनवर आधारलेल्या चाचणीची आहे. आरेखनाभोवती टेस्टबेंच रचून त्याला निविष्टी पुरवतात आणि मिळालेले उत्तर संदर्भ-प्रतिमानाच्या उत्तराशी ताडून पाहतात. प्रणाली-स्तरीय प्रतिमान येथे संदर्भ म्हणून पुन्हा उपयोगी पडते. निविष्टी हाताने लिहिण्याऐवजी ठरावीक बंधनांत राहून यादृच्छिकपणे निर्माण करण्याची प्रथा १९९० च्या दशकात व्हेरिसिटी कंपनीच्या ई या भाषेमुळे रुजली. नंतर सिस्टमव्हेरिलॉगमध्ये ती सामावली गेली आणि २०११ च्या यूव्हीएम या पद्धतिशास्त्राने टेस्टबेंचची मांडणीही प्रमाणित केली. कोणकोणत्या परिस्थिती तपासून झाल्या याचे मोजमाप व्याप्ती या नावाने ठेवतात.

संदर्भ-प्रतिमान आणि आरटीएल यांची तुलना दोघांमधील भेद दाखवते. दोन्ही लिहिणाऱ्यांनी विनिर्देशातील तेच वाक्य सारख्याच चुकीच्या अर्थाने वाचले असेल, तर तुलनेत काहीच दिसत नाही. याच कारणास्तव आरेखन करणारा आणि पडताळणी करणारा हे वेगवेगळे असावेत आणि दोघांनी विनिर्देश स्वतंत्रपणे वाचावा, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो.

चाचणीची दुसरी मर्यादा संख्येची आहे. ६४ बिटांच्या दोन संख्यांच्या गुणकाला संभाव्य निविष्टींच्या २ चा १२८ वा घात इतक्या, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये एवढ्या जोड्या असतात. सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या तरी १ वर २२ शून्ये इतकी वर्षे लागतील. या मर्यादेला उत्तर म्हणून औपचारिक पडताळणी पुढे आली. तिच्यात निविष्टी एकेक करून न देता आरेखनाचा गुणधर्म गणिती पद्धतीने सिद्ध करतात. अमीर न्युएली यांनी १९७७ मध्ये कालिक तर्कशास्त्राचा वापर सुचवला. १९८० च्या दशकारंभी एडमंड क्लार्क व अ‍ॅलन इमर्सन यांनी अमेरिकेत, तर जोसेफ सिफाकिस व जाँ-पिएर केय यांनी फ्रान्समध्ये मॉडेल चेकिंगची पद्धत स्वतंत्रपणे विकसित केली. क्लार्क, इमर्सन व सिफाकिस यांना याबद्दल २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. अवस्थांची संख्या झपाट्याने वाढत जाणे ही या पद्धतीची मूळ अडचण. रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या द्विमान निर्णय-आकृत्या आणि १९९९ पासून पुढे आलेली मर्यादित मॉडेल चेकिंगची पद्धत यांमुळे ती सौम्य झाली, पण नाहीशी झाली नाही. म्हणूनच औपचारिक पडताळणीसाठीही बहुधा आधी अमूर्त प्रतिमान करावे लागते.

फ्यूचरबस+ चे उदाहरण

प्रणालीच्या पातळीवरील औपचारिक पडताळणीचे अभिजात उदाहरण म्हणून फ्यूचरबस+ या बस-मानकाचा उल्लेख होतो. अनेक प्रोसेसरांच्या कॅश-स्मृतींमध्ये एकाच पत्त्याच्या प्रती सुसंगत राहाव्यात, यासाठी या मानकात एक शिष्टाचार दिलेला होता. तो १९८८ पासून आकार घेत होता आणि तोवर त्याची तपासणी केवळ अनौपचारिक रीतीने झाली होती. १९९२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानकातील मजकुरावरून एक नेमके प्रतिमान तयार केले आणि केनेथ मॅकमिलन यांच्या एसएमव्ही या साधनाने ते तपासले. त्यात अनेक त्रुटी व संदिग्धता आढळल्या. त्यांतील काही प्रतिमान लिहिण्याच्या ओघातच उघड झाल्या.

येथे ना चिप होती ना आरटीएल. दोष मानकाच्या गद्यात होता. त्या मजकुराबरहुकूम घडवलेले प्रत्येक उपकरण आरटीएलच्या पातळीवर तंतोतंत बरोबर ठरले असते आणि तरीही प्रणाली चुकली असती. प्रस्तावित आयट्रिपलई मानकातील महत्त्वाच्या चुका औपचारिक पद्धतीने शोधण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, असे संशोधकांनी नमूद केले आहे.

पेंटियम भागाकार दोष

या शाखेकडे उद्योगाचे लक्ष सक्तीने वेधणारी घटना १९९४ ची आहे. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजमधील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. जून १९९४ मध्ये त्यांना उत्तरांत विसंगती आढळली. स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, संगणकाचा मदरबोर्ड या साऱ्या शक्यता एकेक करून निकालात काढल्यावर त्यांनी ३० ऑक्टोबर रोजी काही परिचितांना ईमेल पाठवून इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराविषयी शंका व्यक्त केली. इंटेलच्या अंतर्गत चाचण्यांतही हा दोष त्याच वर्षी आढळलेला होता.

पेंटियममध्ये भागाकारासाठी एसआरटी ही पद्धत वापरली होती. तिच्यात प्रत्येक पायरीला भागाकाराचे दोन बिट मिळतात आणि पुढचा अंक उणे दोन ते अधिक दोन यांपैकी कोणता, हे एका कोष्टकात पाहून ठरवतात. इंटेलच्या स्पष्टीकरणानुसार कोष्टकातील १,०६६ नोंदींपैकी पाच नोंदी चिपवर उतरल्याच नाहीत. जेथे अधिक दोन हवे तेथे शून्य वाचले जाई. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ हे आहे. बरोबर उत्तर १.३३३८२०४… असताना सदोष पेंटियम १.३३३७३९०… असे देई. हाच भागाकार पुन्हा भाजकाने गुणून मूळ संख्येतून वजा केला तर शून्याऐवजी २५६ उरत.

यादृच्छिकपणे निवडलेल्या संख्यांत नऊ अब्जांत एकदा हा दोष प्रकटतो आणि सामान्य वापरकर्त्यास तो २७,००० वर्षांत एकदा भेटेल, असा इंटेलचा हिशेब होता. आयबीएमने वेगळी गृहीतके धरून हा अवधी २४ दिवसांचा ठरवला आणि डिसेंबरमध्ये पेंटियम असलेल्या संगणकांचा पुरवठा थांबवला. २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने मागणाऱ्या प्रत्येकाला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले. त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरांची तरतूद केली.

पडताळणीच्या दृष्टीने यातील लक्षणीय भाग असा की भागाकाराचा गणनविधी निर्दोष होता. गणनविधीच्या पातळीवरचे कोणतेही प्रतिमान बरोबर उत्तर देत राहिले असते. चूक त्यापासून चिपपर्यंतच्या वाटेवर झाली. यादृच्छिक चाचणीतून ती निसटणे स्वाभाविक होते, कारण सदोष नोंदींपर्यंत पोहोचणाऱ्या निविष्टी अत्यंत विरळ होत्या. त्यानंतर प्रोसेसर-निर्मात्यांनी अंकगणिती भागांसाठी गणिती सिद्धतेचा मार्ग धरला. एएमडीच्या के-५ प्रोसेसरमधील भागाकाराच्या गणनविधीची सिद्धता १९९५ मध्ये एसीएल-२ या प्रमेय-साधनाने तपासण्यात आली. इंटेलच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, कोअर आय-७ प्रोसेसरच्या गणन-विभागासाठी व्याप्तीवर आधारित चाचणीची जागा औपचारिक पडताळणीने घेतली होती.

मर्यादा

प्रतिमानाच्या पातळीखाली घडणारे दोष त्याला दिसत नाहीत. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसरांसोबत येणाऱ्या एका चिपसेटमधील दोष जाहीर केला. साटा पोर्टांच्या सर्किटमधील एक ट्रान्झिस्टर कालांतराने झिजून पोर्टांची कार्यक्षमता घटत जाण्याची शक्यता होती. दुरुस्ती व बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर अंदाजला. या चिपचे तर्कशास्त्र अचूक होते. आरटीएल किंवा त्यावरील कोणत्याही प्रतिमानात ट्रान्झिस्टरला विद्युतदाब किंवा आयुर्मान नसते, त्यामुळे तेथे शोधण्यासारखे काही नव्हतेच.

जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षा-त्रुटींचे स्वरूप अधिक विचार करायला लावणारे आहे. आधुनिक प्रोसेसर पुढील सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवतो. अंदाज चुकल्यास निकाल टाकून देतो आणि रजिस्टरांची मूल्ये पूर्ववत करतो. सूचना-संचाच्या दृष्टीने सर्व काही नियमाप्रमाणे असते. परंतु टाकून दिलेल्या सूचनांनी कॅशमध्ये आणलेली विदा तेथेच राहते आणि पुढील वाचनास किती वेळ लागला हे मोजून गुप्त माहिती काढून घेता येते. सूचना-संचाच्या व्याख्येत काळाला स्थान नाही. शिथिल-कालबद्ध प्रतिमानात कॅश बहुधा नसतेच आणि अंदाजाने चालवणेही नसते. दोन दशकांच्या प्रोसेसरांची पडताळणी ज्या विनिर्देशाशी ताडून झाली, त्यात हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. यानंतर माहितीची गळती हा स्वतंत्र गुणधर्म मानून तो सूक्ष्म-रचनेच्या प्रतिमानावर तपासण्याच्या संशोधनाला वेग आला.

यांशिवाय एक अडचण देखभालीची आहे. आरेखन पुढे जाताना आरटीएल दररोज बदलते. प्रणाली-स्तरीय प्रतिमान मात्र मागे राहू शकते. दोहोंची सममूल्यता तपासणारी साधने उपलब्ध आहेत आणि अंकगणिती भागांवर ती उत्तम चालतात. दोन्हीकडील काळाची कल्पनाच वेगळी असलेल्या नियंत्रण-प्रधान भागांवर त्यांचा उपयोग कठीण जातो. काही प्रकल्पांत या दरीवर उपाय म्हणून वरच्या पातळीच्या वर्णनातूनच आरटीएल निर्माण करतात.

भारतातील कार्य

गेटवे डिझाइन ऑटोमेशनचे संस्थापक प्रभु गोयल हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक अरविंद यांच्या संशोधनातून ब्लूस्पेक ही भाषा पुढे आली, तेही कानपूरचेच. ब्लूस्पेकमध्ये हार्डवेअरचे वर्णन अटींसह अविभाज्य नियमांच्या रूपात करतात आणि कंपायलर त्यातून आरटीएल तयार करतो. आयआयटी मद्रास येथील शक्ती हा रिस्क-५ सूचना-संचावर आधारित प्रोसेसर-प्रकल्प याच भाषेत लिहिलेला असून त्याच्या पहिल्या चिपा २०१८ मध्ये तयार झाल्या. आयआयटी खरगपूर येथे औपचारिक पडताळणीवर दीर्घकाळ संशोधन झाले असून तेथील पल्लब दासगुप्ता यांचे गुणधर्म-पडताळणीवरील इंग्रजी पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात मुंबईच्या पवई येथील आयआयटीमध्ये अजित हा प्रोसेसर विकसित करण्यात आला आणि २०१९ मध्ये तो जाहीर झाला. त्याचा सूचना-संच स्पार्क व्ही-८ हा आहे. वरच्या पातळीवरील वर्णनापासून व्हीएचडीएलपर्यंत पोहोचणारी आहीर ही साधन-साखळी याच संस्थेत तयार झालेली आहे. बंगळूर, हैदराबाद व नोएडा यांच्याबरोबरच पुण्यातील चिप-आरेखन केंद्रांतही पडताळणीचे काम चालते.